जून लागला की बास लागत नाही, नेमकं काय चुकतंय?

दरवर्षी मे संपत आला की मेव्हण्याचा फोन ठरलेला. "दाजी, तळ्यातले मासे संपले का हो?" मार्च-एप्रिलमध्ये याच माणसानं याच काठावरून, याच लूरवर (म्हणजे खोट्या आमिषावर), भर दुपारी एक वाजता दीड-दोन पौंडाचे बास, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातले शिकारी मासे, काढून मला फोटोवर फोटो पाठवलेले असतात आणि आता सलग तीन शनिवार कोरडे. मग साहेब काय करतात, तर दुकानात जातात. नवा रंग, नवा आकार, व्हिडिओत कुणीतरी दाखवलेलं काहीतरी वळवळतं शेपूट, ते घेऊन यायचं आणि परत त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच अंतरावर फेकत बसायचं. डिकीत शंभर तरी लूर झाल्या असतील आता.

हसायचं कारण नाही, मी पण इथे आल्यावर पहिली दोन वर्षं हेच केलंय. मी मूळचा भिगवणच्या बाजूचा, उजनीच्या पाण्यावर गळ टाकत वाढलेला, त्यामुळे मासेमारीतलं आपल्याला कळतं असा एक माज होता आणि टेक्सासच्या उन्हाळ्यानं तो नीट उतरवला. तर हे सगळं डॅलसच्या आसपासच्या पाण्याचं लिहितोय, म्हणजे लुईसव्हिल, रे रॉबर्ट्स हे मोठे तलाव आणि आपल्या अपार्टमेंट-सोसायट्यांच्या मागची छोटी तळी. तुम्ही न्यूजर्सी किंवा मिशिगनला असाल तर महिने पुढे सरकवा, क्रम तोच राहतो. आणि बोटीशिवाय, काठावरून मासे धरणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण आपल्यातले बहुतेक जण तसेच.

आधी एक गोष्ट पक्की करा. "मासा मिळत नाही" हे तीन वेगवेगळ्या आजारांचं एकच दुखणं असतं. एकात काहीच होत नाही, दिवसभर फेका, लूर जशी गेली तशी परत. दुसऱ्यात ठक् बसतो, रॉड वाकतो आणि मग सुटतो. तिसऱ्यात सारखं टकटक होतं पण हातात काही येत नाही आणि प्लास्टिकच्या किड्याचं शेपूट तेवढं कुरतडलेलं. तिघांचा इलाज वेगळा आहे, आणि लूर बदलणं हा यातल्या एकाचाही पहिला इलाज नाही.

पहिला आजार घेऊ, काहीच होत नाही तो.

वसंतात मासा सहज का मिळतो हे कळलं की अर्धं कोडं सुटतं. पाण्याचं तापमान साठ डिग्री फॅरनहाइटच्या पुढे गेलं की बास अंडी घालायला काठाजवळ येतात, गुडघाभर ते पुरुषभर पाण्यात. नर शेपटीनं गाळ झाडून बशीसारखी गोल जागा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि नर तिथेच राखणीला बसतो, अंड्यांच्या आणि नंतर पिल्लांच्या. जवळ काय आलं की तोंडात धरून फेकून देतो. म्हणजे एप्रिलमध्ये जे मासे लागले त्यातले कितीतरी भुकेनं लागलेच नव्हते, ते तुमच्या पायाशी पहारा देत होते आणि तुम्ही त्यांच्या घरात लूर टाकत होता. (असा राखणीचा नर धरला तर फोटोबिटो राहू द्या, लगेच तिथेच सोडा, तो नसताना ब्लूगिल नावाचे छोटे मासे येऊन अंडी चट्टामट्टा करतात.)

आता आपल्याकडच्या मरळीशी याची तुलना करायचा मोह होतो, मी पण केली. मरळ पण झुडपात दबा धरते, बेडकावर झडप घालते, पिल्लांचा लाल लाल पुंजका घेऊन फिरते, नात्यानं काही संबंध नसला तरी स्वभाव अगदी ओळखीचा. पण एक मोठा फरक आहे आणि तोच मी दोन वर्षं विसरलो होतो. मरळ वर येऊन तोंडानं हवा घेते, म्हणून मे महिन्यात आटलेल्या, तापलेल्या डबक्यात पण ती टिकते. बासला ती सोय नाही. त्याला जो प्राणवायू मिळायचा तो पाण्यातूनच, आणि पाणी जेवढं गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. आमच्याकडे जुलैत वरचं पाणी ८५ ते ९० फॅरनहाइटपर्यंत जातं. गुडघाभर पाण्यात, डोक्यावर ऊन, सावली नाही, तिथे तो कशाला थांबेल? मेव्हणा मात्र तिथेच फेकतोय.

मग मासा गेला कुठे? लोक म्हणतात उन्हाळ्यात मासा खोल जातो. अर्धं खरं आहे. विहिरीत पोहलेल्यांना आठवत असेल, वर पाणी कोमट असतं आणि बुडी मारून खाली गेलं की एका पट्ट्यानंतर एकदम गार लागतं. धरणाच्या पाण्यात पण उन्हाळ्यात असाच थर पडतो, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. वरचं हलकं गरम पाणी आणि खालचं जड गार पाणी एकमेकांत मिसळत नाही, खाली कुजणारा पालापाचोळा असलेला प्राणवायू खाऊन टाकतो, वरून नवा जात नाही. त्यामुळे त्या थराच्या फार खाली मासा राहूच शकत नाही. इकडच्या बऱ्याच मोठ्या तलावांत हा थर साधारण १५ ते २५ फुटांच्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणजे ४० फूट खोल डोहात लूर बुडवून बसणं पण वायाच. आपल्याला हवी ती थराच्या वरच्या बाजूला, दहा-पंधरा-अठरा फुटांत, जमिनीचा उंचवटा किंवा दगड किंवा बुडालेलं झाड असलेली जागा.

आणि काही मासे उथळात राहतातच बरं का, पण कारण असेल तर. बोटी बांधायच्या धक्क्याखालची सावली, दाट पाणवनस्पतीचा छप्परासारखा थर, पुलाखाली, एखाद्या ओढ्याचं वाहतं पाणी येतं ती जागा. सोसायटीच्या तळ्यात कारंजं असतं ना, ते नुसतं शोभेचं नाही, त्यानं पाण्यात हवा मिसळते, जुलैत त्याच्या फेसाच्या कडेला टाकून बघा. पावसाचं पाणी सोडणारा सिमेंटचा पाइप असतो, रात्री सरी पडून गेली असेल तर सकाळी तिथे पहिला फेकायचा. या छोट्या तळ्यांना खोली नसते, त्यामुळे मासा जाऊन जाऊन सावलीत जाणार, दुपारी सावली कुठे सरकते ते बघत चाला, बस.

मोठ्या तलावावर काठावरून खोल पाणी शोधायचं कसं, हा खरा प्रश्न. माझी सवय उजनीवरून आलेली आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, भीमेचा जुना काठ दिसायला लागतो, आणि आम्हाला पोरांना तेव्हाच पाठ व्हायचं की इथे खड्डा आहे, इथे बांध होता, इथे विहीर होती. पाणी भरल्यावर गळ तिथेच टाकायचा. टेक्सासचे हे तलाव पण जवळजवळ सगळे धरणांचेच आहेत, खाली जुने ओढे, रस्ते, कुंपणं, झाडांचे बुंधे सगळं तसंच बुडालेलं. ज्या वर्षी पाऊस कमी होऊन पाणी सहा-आठ फूट खाली जातं त्या वर्षी लोक घरी बसतात, मी काठानं फोटो काढत फिरतो. एकेका फोटोनं मला जेवढे मासे दिलेत तेवढे कुठल्या लूरनं दिले नाहीत.

पाणी भरलेलं असेल तर मग नकाशा बघा, खोलीच्या रेषा दाखवणारी अॅप मिळतात, त्यात बघायचं एवढंच की रेषा काठाजवळ एकमेकींना कुठे चिकटल्यात. तिथे जमीन एकदम खाली जाते. धरणाच्या भिंतीची दगडी पिचिंग, पाण्यात घुसलेलं जमिनीचं नाक, पुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव, आणि जुना ओढा वळण घेऊन काठाला येतो ती जागा, या चारांतली एक तरी प्रत्येक पार्कात चालत जाण्यासारख्या अंतरावर असते. नकाशा नको असेल तर ३/८ औंसाचं बुलेट (गोळीच्या आकाराचं) वजन लावून फेका आणि तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. दोरा सैल पडला की टेकलं. इथे चार, तिथे पाच, तिथे एकदम अकरा. चार आणि अकराच्या मध्ये जी कड आहे तिथे उभा असतो मासा. मग ते वजन तळावरून हळू ओढत आणा, चिखल असेल तर नुसतं जड लागतं, खडी असेल तर कट कट कट हाताला कळतं, आणि खडी सापडली की गुपचूप बसा, कुणाला सांगू नका, मेव्हण्याला पण नाही.

वेळेचं तर बोलायलाच नको. मेव्हणा शनिवारी पोहे-चहा उरकून, पोरांना तयार करून साडेदहाला तळ्यावर. जूनमध्ये इथे सव्वासहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, त्याच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचे दोन तास, एवढाच दिवसाचा खरा बाजार. गरम पाण्यात बासची भूक कमी होत नाही, उलट पचन जोरात असतं, खातो भरपूर, पण थोड्या थोड्या वेळात खाऊन मोकळा होतो. पहाटे उथळात वर येऊन छोटे शॅड (बासचं खाद्य असलेले चंदेरी मासे) मारतो आणि ऊन चढलं की परत कडेला खाली. त्यामुळे पहाटे पृष्ठभागावरची लूर, पॉपर किंवा बझबेट, आणि आठनंतर त्याच नाकाच्या खोल कडेला टेक्सास रिग, म्हणजे पुढे बुलेट वजन आणि गळाचं टोक आत लपवलेला प्लास्टिकचा किडा. पहाट जमत नसेल तर संध्याकाळ, आणि संध्याकाळ पण जमत नसेल तर रात्र, काळा किंवा गडद जांभळा दहा इंची किडा तळावरून रेंगाळत आणायचा. रात्री काळा रंग का म्हणाल तर खालून आकाशाकडे बघणाऱ्या माशाला काळ्याचीच सावली ठळक दिसते. टॉर्च न्या. काठावर फायर अँट आणि कॉटनमाउथ साप दोन्ही असतात, मुंग्यांच्या वारुळावर उभा राहून मी एकदा जो नाचलोय तो आजूबाजूच्या तीन कुटुंबांनी बघितलाय.

वारा. लोक वाऱ्याला पाठ करून निवांत पाण्यावर बसतात कारण फेकायला सोपं जातं. उन्हाळ्यात उलटं करा, ज्या काठावर वारा आपटतो तिथे जा. वाऱ्यानं सूक्ष्म जीव तिकडे ढकलले जातात, त्यांच्यामागे शॅड, शॅडच्या मागे बास, शिवाय लाटांनी पाण्यात हवा मिसळते आणि उजेड फुटून मासा कमी बुजतो. फेकायला त्रास होतो, होऊ दे.

एवढं सांगितल्यावर दोन वर्षांपूर्वी मेव्हणा खरंच पहाटे साडेपाचला आला. लुईसव्हिलच्या एका नाकावर उभं केलं त्याला, लांब फेकायला लावलं, आणि दीड तासात त्याला चार ठक् बसले. हातात किती आले? शून्य. आणि इथून दुसरा आजार सुरू होतो, ज्यात दोष जागेचा नसतो, सामानाचा असतो.

एप्रिलमध्ये तो १५ फुटांवर फेकत होता. आता मासा ३५-४० यार्डांवर, त्यात बारा फूट खाली. त्याच्या रिळावर होता आठ पौंडी मोनो, म्हणजे साधा नायलॉन दोरा, जो रबरासारखा ताणतो. जवळच्या माशाला तो ताण चालतो, पण चाळीस यार्डांवर तुम्ही कितीही झटका मारा, अर्धा जोर दोऱ्यातच जिरतो आणि गळ माशाच्या तोंडाच्या कडक भागात घुसतच नाही. मासा लूर तोंडात धरून थोडा वेळ तुमच्यासोबत येतो आणि मग कंटाळून सोडतो. त्यात रॉड मीडियम-लाइट, टोकापासून मुठीपर्यंत वाकणारा. त्यात ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, इतका सैल की झटक्याला रीळ किर्र करून दोरा सोडायचं. तीन गोष्टी, तिघींचं मिळून एकच फळ.

इलाज असा. स्पिनिंग रीळ असेल तर मुख्य दोरा १५ पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, तो ताणत नाही, आणि पुढे सहा-आठ फूट १० किंवा १२ पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा, दोघांना डबल युनी गाठीनं जोडायचं, एफजी गाठ अजून बारीक बसते पण काठावर वाऱ्यात ती बांधता बांधता पहाट निघून जाते. बेटकास्टर रीळ असेल तर सरळ १५ पौंडी फ्लोरोकार्बन. टेक्सास रिगला रॉड सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट, म्हणजे टोकाशी वाकणारा आणि खाली कणखर. ड्रॅग हातानं ओढून बघा, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोराला सुटायला हवा, त्याआधी नाही.

आणि झटक्याची पद्धत. ठक् लागला की लगेच रॉड वर उपटू नका, कारण लांब फेकलेल्या दोऱ्याला पाण्यात आणि वाऱ्यात झोळ असतो, तुम्ही फक्त झोळ उपटता. रॉडचं टोक माशाकडे खाली करा, दोन वळसे गुंडाळून झोळ काढा, वजन हाताला लागलं की मग जोरात. एवढं वाचायला वेळ लागतो, करायला एक सेकंद.

गळ पण बघा. टेक्सास रिगमध्ये टोक प्लास्टिकच्या आत लपलेलं असतं, म्हणजे झटक्यानं ते आधी प्लास्टिक फाडून बाहेर आलं पाहिजे. जाडजूड क्रॉ (झिंग्यासारखं प्लास्टिक) आणि त्याला बारीक १/० मापाचा गळ लावला तर प्लास्टिक गळाच्या वाकात गोळा होऊन बसतं, टोक बाहेरच येत नाही. साध्या किड्याला ३/०, जाड्याला ४/० ईडब्ल्यूजी (रुंद वाकाचा गळ), आणि टोक प्लास्टिकच्या वरच्या कातडीत नुसतं टोचून ठेवायचं, खोल नाही. धार बघायला गळ नखावर तिरका टेकवा, घसरला तर बोथट, दगडावर घासून घासून जूनपर्यंत निम्मे गळ बोथट झालेलेच असतात.

पण हाच कडक रॉड आणि हाच झटका क्रँकबेटवर (माशाच्या आकाराच्या कडक लूरवर) वापरलात तर पुन्हा मासा जाणार! तीन काट्यांचे गळ बारीक तारेचे असतात, ते स्वतःच लागतात, तिथे झटका मारला की माशाच्या तोंडातून फाडून निघतात. क्रँकबेटला मऊ, मॉडरेट रॉड, दोरा ताणला गेला तर नुसतं कमरेतून बाजूला झुकायचं आणि गुंडाळत राहायचं. फ्रॉगला, म्हणजे रबरी बेडकाला, तर तिसरंच तंत्र. वनस्पतीच्या थरावर फेकलेल्या बेडकावर धपकन पाणी उडालं की हात आपोआप वर जातो, तिथे दात-ओठ खाऊन थांबा, वजन लागू दे, मग मारा, आणि त्याला ५० किंवा ६५ पौंडी ब्रेडच हवा, नाहीतर मासा पाच किलो गवतासकट काढणार कसा. गावाकडे मरळीला बेडूक लावणारे एक दम घेऊन झटका मारतात, तोच दम.

दोरा तुटून मासा जात असेल तर शेवटचे तीन फूट बोटांतून ओढून बघा. लुईसव्हिलच्या पाण्यात झेब्रा मसल शिंपले आहेत, दगडांवर ब्लेडच्या पात्यांसारखे चिकटलेले, दोन-चार वेळा घासला की फ्लोरोकार्बनला खरखर लागते. लागली की तेवढा कापून परत बांधा, आळस करू नका. गाठ पालोमार, आणि ओढायच्या आधी थुंकीनं ओली करा, कोरडी ओढली की फ्लोरोकार्बन तापून कमजोर होतो. उडी मारून लूर झटकत असेल तर त्या क्षणी रॉडचं टोक पाण्याकडे खाली, दोरा ताठ. पहिल्या मोठ्या माशाला आपण सगळेच रॉड आभाळाकडे करतो, फोटोत तसंच असतं ना.

तिसरा आजार थोडक्यात. टकटकटकटक असं भराभर होत असेल तर तो बास नाही, ब्लूगिल आहे, शेपूट खातोय. बासचा एकच जड ठक् असतो, किंवा काहीच नाही आणि दोरा आपला आडवा चालायला लागतो, तेव्हा दोऱ्याकडे बघत बसा. ब्लूगिल फारच सतावत असतील तर थोडा मोठा, जाड किडा लावा, नाहीतर दहा पावलं खोल बाजूला सरका.

आता लूर, एवढं सगळं झाल्यावर. काठावरून उन्हाळ्यात मी तीनच नेतो. पहाटेला पॉपर. सावलीसाठी पाच इंची सेन्को छापाची प्लास्टिकची काठी, मधोमध गळ लावून वॅकी, वजन नाही, टाकायची आणि तिला आपली आपण डुलत खाली जाऊ द्यायची, नव्वद टक्के काम ती पडताना होतं, तुम्ही हलवून बिघडवू नका. आणि खोल कडेला किडा, एक तर टेक्सास रिगवर, नाहीतर कॅरोलिना रिगवर, म्हणजे अर्धा ते पाऊण औंसाचं वजन पुढे आणि दोन-तीन फूट लीडर मागे, काठावरून सगळ्यात लांब हीच जाते. रंगात फार अडकू नका, पाणी निवळ असेल तर ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन, गढूळ असेल तर काळा-निळा किंवा जून बग (गडद जांभळा). एवढ्यात भागतं. लूर ओढण्याचा वेग बदलणं हे रंग बदलण्यापेक्षा जास्त मासे देतं असं माझं मत आहे, मेव्हणा मानत नाही.

हे सगळं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मग पहिल्या थंड वाऱ्यांनी वरचं पाणी गार, जड होऊन खाली जायला लागतं, थर मोडतो, खालचं सगळं वर येतं, तेव्हा काही दिवस पाणी मळकट आणि मासे कुठेही पांगलेले, तेवढे दिवस छोट्या तळ्यांवर जा. त्यानंतर मात्र चैन, शॅडचे थवे ओढ्यांच्या तोंडातून आत आत जातात आणि बास मागोमाग, पांढरी-चंदेरी लिपलेस क्रँकबेट किंवा स्पिनरबेट भराभर फेकत चालत राहायचं. ब्लू नॉर्दर (उत्तरेकडून येणारी थंड हवेची लाट) येऊन गेला, आभाळ स्वच्छ निळं, हवेचा दाब चढलेला, की दोन दिवस मासा आडोशाला चिकटून बसतो, तेव्हा छोटं, हळू आणि अगदी बुंध्याला टेकवून. थंडीत लोक रॉड गुंडाळून ठेवतात. पण टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, लेक फोर्कमध्ये मिळाला तो जानेवारी १९९२ मध्ये, एवढं लक्षात ठेवा. फेब्रुवारीत बुडालेल्या गवताच्या वर लाल लिपलेस, गवतात अडकली की झटक्यानं सोडवायची, त्या सुटण्यालाच मासा मारतो. आणि मग मार्च, मग मेव्हण्याचे फोटो परत सुरू.

नियमांचं पण बघून घ्या कारण गेम वॉर्डन (मासेमारीचे नियम तपासणारा सरकारी अधिकारी) येतो आणि हसत हसत दंड लावतो. १७ वर्षं आणि पुढच्यांना लायसन्स लागतं, साधं वार्षिक लायसन्स तुम्ही कधीही घ्या, ३१ ऑगस्टला संपतं (खरेदीपासून वर्षभर चालणारं वेगळं मिळतं), सप्टेंबरात पकडले जाणारे आपले बरेच असतात. स्टेट पार्कच्या आत काठावरून धरत असाल तर लायसन्स लागत नाही, नवख्या पाहुण्यांना घेऊन तिथेच जा. घरी न्यायचा लार्जमाउथ बास बऱ्याच ठिकाणी किमान १४ इंच आणि दिवसाला पाच, पण काही तलावांचं वेगळं आहे, लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला सोडूनच द्यावा लागतो. मी सगळेच सोडतो, खायला कॅटफिश बरा. उन्हाळ्यात सोडायचा असेल तर पटकन, हात ओले करून, पोटाला आधार देऊन. गळ गिळला असेल तर उपसत बसू नका, दोरा जवळ कापून सोडा.

एवढं करून पण कोरडेच आलात तर मला विचारा, पण विचारताना लूरचा फोटो पाठवू नका. किती वाजता गेलात, वारा कुठल्या काठाला होता, तुम्ही उभे होतात तिथे वजन किती आकड्यांवर टेकत होतं, आणि रिळावर दोरा कुठला, एवढं सांगा. गेल्या जूनमध्ये मेव्हण्यानं पहिल्यांदा असा मेसेज केला, "दाजी, पावणेसहा, वारा माझ्या तोंडावर, नऊ आकडे, ब्रेड", आणि खाली साडेतीन पौंडाचा फोटो. लूर कुठली ते लिहायला विसरला होता.